निवृत्तीआधी आठ वर्षे : एका छोट्या सदनिकेचा हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी १९९६ पासून लेखा विभागात नोकरी करते. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या स्टोअरमधले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी पेन्शन मंजुरीचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना दरमहा तीन हजारांच्या आसपास पेन्शन मंजूर झाली होती. आकडा चुकला असावा, तुम्ही एकदा तपासून बघा, असे ते म्हणाले. मी गणित मांडले. चूक कुठेच नव्हती. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन काढताना पूर्ण पगार धरत नाहीत, मर्यादित वेतन धरतात. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पूर्वी ६,५०० रुपये होती, त्यानंतर ती १५,००० रुपये झाली. दोन्ही काळांतली नोकरीची वर्षे वेगळी धरून, वेतनाला वर्षांनी गुणून ७० ने भागले की पेन्शन निघते. हे सूत्र मला ठाऊक होते, तरी स्वतःचे वय आणि स्वतःची वर्षे घालून ते मी कधी सोडवले नव्हते. त्या संध्याकाळी सोडवले. जून २०२९ मध्ये मला अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होतील तेव्हा दरमहा पाच हजारांच्या आसपास पेन्शन मिळेल, असे उत्तर आले.

माझ्या पतींचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांचे प्रगतिपत्रक अशी कामे येतात, म्हणजे त्यांना पेन्शन नाहीच. चिंचवडमधले राहते घर २०१३ मध्ये कर्जमुक्त झाले होते, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि घरखर्च दरमहा अडतीस हजारांच्या घरात जात होता. भविष्यनिर्वाह निधी आणि ठेवी यांवर म्हातारपण निघणार नाही असे नव्हते, पण ठेवींचे व्याज दरवर्षी खाली येताना मी रोज पाहत होते. महागाईबरोबर वाढत जाईल असे एखादे उत्पन्न हवे, या विचाराने भाड्याच्या घराचा विषय आमच्याकडे निघाला.

सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही प्लॉटिंगवाल्यांच्या गाडीतून चाकणच्या पुढे जमीन पाहायला गेलो. माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, कोपऱ्यांवर रंगवलेले दगड होते आणि मांडवात नाश्त्याची सोय होती. दोन गुंठ्यांचा तुकडा, सातबाऱ्यावर तुमचे नाव लागेल, असे तिथला मुलगा आग्रहाने सांगत होता. मी सातबारा मागितला. एकाच गटाच्या उताऱ्यावर सामाईक क्षेत्रात वीसच्या वर नावे होती, जमीन अकृषिक झालेली नव्हती आणि आम्ही दोघेही शेतकरी खातेदार नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे विचारल्यावर “मॅडम, ते आम्ही बघून घेतो” एवढेच उत्तर मिळाले. शिवाय मोकळी जमीन भाडे देत नाही. मला साठाव्या वर्षी दरमहा पैसे हवे होते, किंमत वाढण्याची वाट पाहत बसायचे नव्हते. जमिनीचा विषय तिथेच संपला.

दुसरा प्रयत्न मात्र मी विस्ताराने सांगणार आहे, कारण त्यातून मी जेवढे शिकले तेवढे पुढे प्रत्यक्ष खरेदीतूनही शिकले नाही. २०२० च्या फेब्रुवारीत निगडी प्राधिकरणात दुसऱ्या मजल्यावरची एक वन बीएचके सदनिका आम्हाला आवडली. मालकीण सत्तरीच्या काकू होत्या. पती २०१६ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी सोसायटीत काकूंचे नामनिर्देशन केलेले होते, म्हणून शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, काकूंचे नाव चढले होते. सर्टिफिकेटाच्या मागच्या बाजूला वरच्या रकान्यात त्यांच्या पतींचे नाव, खाली काकूंचे, शेजारी अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या आणि जांभळ्या शाईचा शिक्का. काकूंनी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटातून दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि “हे घर माझ्याच नावावर आहे बरं का” असे म्हणाल्या. त्यांची तशी मनापासून खात्री होती आणि माझीही झाली. आम्ही ५० हजार रुपये विसार दिला आणि कागद वकिलांकडे नेले.

वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, मुले किती? एक मुलगा आणि दोन मुली, त्यांतली एक कॅनडात. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की नामनिर्देशनाने काकू सोसायटीच्या दप्तरी सभासद झाल्या, पण घराची पूर्ण मालकी त्यांच्याकडे आलेली नाही. पतींनी मृत्युपत्र केलेले नव्हते, त्यामुळे घरात चौघांचा वारसाहक्क होता. तिन्ही मुलांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचे किंवा खरेदीखतावर सगळ्यांनी सह्या करायच्या, याखेरीज मार्ग नव्हता आणि कॅनडातल्या मुलीला त्यासाठी तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवावे लागणार होते. त्यातच ती इमारत पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडावर होती, म्हणून हस्तांतरणाला प्राधिकरणाची परवानगी आणि शुल्क हे वेगळेच काम होते. मुलीचा नकार नव्हता. तिला विचारावे असे चार वर्षांत कोणाला वाटलेच नव्हते आणि आता अचानक कागदावर सही मागितल्यावर तिला वाईट वाटले, एवढेच झाले. मार्चमध्ये टाळेबंदी आली, वकिलातीचे काम थांबले आणि व्यवहार बारगळला. काकूंनी विसार दोन हप्त्यांत परत केला. दुसरा हप्ता द्यायला त्या स्वतः आल्या, तेव्हा घराबाहेर पडण्यावर अजून निर्बंध होते.

त्यानंतर कोणतेही घर पाहायला जाताना मी खोल्यांच्या आधी कागद मागू लागले. पहिल्या बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करारनामे सलग आहेत का, प्रत्येक व्यवहाराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा, मिळतो का, इमारत राहायला वापरता येते असे सांगणारे महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मंजूर नकाशात दाखवलेली गच्ची प्रत्यक्षात बंद करून खोली केली आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे मी एका वहीत लिहून घेत असे. एजंटांना हे आवडत नसे. एकाने तर आम्हाला दाखवायची घरेच बंद केली. माझ्या पतींनाही सुरुवातीला हा अतिरेक वाटला, पण निगडीचा अनुभव त्यांनी माझ्याबरोबरच घेतला होता.

नव्या प्रकल्पातले घर घ्यावे की जुने, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी द्यावा लागतो, ताबा दोन-तीन वर्षांनी मिळतो आणि तोपर्यंत हप्ता चालू असतो पण भाडे नसते. गृहप्रकल्पांवर देखरेख करणारे महारेरा प्राधिकरण २०१७ मध्ये आल्यापासून प्रकल्पाची माहिती उघड दिसते हे खरे, पण पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ती दोन-तीन वर्षे परवडत नाहीत. त्यामुळे तयार घर, पायी अंतरावर रुग्णालय आणि बसथांबा, वन बीएचके आणि मोठ्या सोसायटीचा झगमगाट नको, असे आमचे ठरले. तरणतलाव आणि क्लबहाऊस असलेल्या ठिकाणी देखभालीचा खर्चच भाड्याचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो.

चिंचवडमधलीच, आमच्या घरापासून वीस मिनिटांवरची, बारा वर्षे जुनी सदनिका ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाली. चटई क्षेत्र ४१० चौरस फूट, किंमत ३६ लाख ५० हजार. राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली होती आणि ती ३१ डिसेंबरपर्यंत होती. आम्हाला सहाऐवजी तीन टक्के, म्हणजे १ लाख ९ हजार ५०० रुपये भरावे लागले. तेवढीच रक्कम वाचली. नोंदणी शुल्क ३० हजार आणि एजंटाचे एक टक्का धरून एकूण खर्च ३८ लाख २६ हजारांच्या जवळ गेला.

खरा निर्णय कर्जाचा होता. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी मुलाला सहकर्जदार करून २७ लाख रुपये १५ वर्षांसाठी देऊ केले. हप्ता जवळजवळ तेवढाच बसतो मॅडम, तुमचे पैसे तुमच्याकडे राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. व्यवहार म्हणून ते चूक नव्हते. पण तो हप्ता मी चौसष्ट वर्षांची होईपर्यंत चालला असता आणि शेवटची सहा-साडेसहा वर्षे पगार नसता. ज्या घराने मला निवृत्तीनंतर पोसायचे, त्याच घराला मी निवृत्तीनंतर पोसत बसले असते. शिवाय मुलाने अजून पहिली नोकरीही धरलेली नव्हती. त्याच्या स्वतःच्या घरकर्जाच्या आड आमचे कर्ज यायला नको होते. मी १८ लाख आणि ८ वर्षे मागितली. सात टक्के दराने हप्ता २४,५४१ रुपये बसला आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२९ ला पडत होता, निवृत्तीच्या पाच महिने आधी. उरलेले सव्वावीस लाख ठेवी मोडून, मुदत संपलेल्या विम्याचे पैसे घालून आणि म्युच्युअल फंडातले काही युनिट विकून उभे केले. भविष्यनिर्वाह निधीतून घरासाठी पैसे काढता येतात, ते काढायचे नाहीत यावर मी ठाम राहिले.

नोंदणीचा दिवस माझ्या कायम लक्षात राहील. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता, सवलत संपायला थोडे दिवस उरलेले, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसे उभी होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आणि हातात सॅनिटायझरची बाटली. टोकन घेतले सकाळी अकराला, आमचा क्रमांक आला पावणेपाचला. आत अंगठ्याच्या यंत्रावर माझा ठसा तीन वेळा उमटलाच नाही. सॅनिटायझरने बोटे कोरडी पडली होती. तिथल्या शिपाईबाईंनी स्वतःच्या बाटलीतले पाणी माझ्या अंगठ्याला लावले, ओढणीने पुसले, मग ठसा लागला. कॅमेऱ्यासाठी मास्क क्षणभर खाली केला तेव्हा, तीन महिने ज्यांच्याशी व्यवहार केला त्या विक्रेत्यांचा पूर्ण चेहरा आम्ही पहिल्यांदा पाहिला.

सोसायटीकडे हस्तांतरणाचा अर्ज केला तेव्हा समितीतल्या एकाने इमारत निधीसाठी ७५ हजारांची देणगी तोंडी मागितली. राज्य सरकारच्या २००१ च्या परिपत्रकानुसार महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे सदनिका नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम, २५ हजारांच्या वर घेता येत नाही. त्याची प्रत अर्जाला जोडून मी तेवढ्याच रकमेचा धनादेश दिला आणि पोच मागितली. दोन महिने काहीच हालचाल झाली नाही, मग एका सभेनंतर सर्टिफिकेट मिळाले. महावितरणचे बिल आणि मिळकतकर नावावर करून घेणे त्यामानाने सोपे गेले.

मग घर रिकामे राहिले. घरून काम सुरू झाल्यामुळे भाड्याने राहणारी तरुण मुले गावी निघून गेली होती, त्यात दुसरी लाट आली. फेब्रुवारी ते जून २०२१ असे पाच महिने हप्ता, देखभाल खर्च आणि वीजबिल आम्ही पगारातून भरले. छापखान्यात लग्नपत्रिकांचे काम बंद होते. सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवली होती म्हणून निभावले, नाहीतर निधीला हात लावावाच लागला असता.

जुलैमध्ये जवळच्या रुग्णालयातल्या दोन परिचारिका भाड्याने आल्या. भाडे ११ हजार, अनामत ३० हजार. लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, नोंदणी आपल्या राज्यात सक्तीची आहे आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज मी आजही सुशिक्षित लोकांकडून ऐकते. नोंदणी करून देणारा प्रतिनिधी अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, दहा मिनिटांत दोन्ही बाजूंचे ठसे झाले आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरली. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते. तो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे मला आधीच माहीत होते म्हणून बरे झाले.

पहिल्या पूर्ण वर्षाचा, २०२२-२३ चा हिशेब मी पगारपत्रकाइतक्याच काळजीने लिहिला. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे गेले, म्हणून अकरा महिन्यांचे १ लाख २१ हजार आले. त्यातून मिळकतकर ४,२००, देखभाल १६,८०० आणि रंगकाम व न्हाणीघरातली गळती मिळून १६ हजार गेले. हाती उरले ८४ हजार. घराच्या एकूण खर्चावर हे २.२ टक्के होतात. बँकेची साधी ठेव याहून जास्त देते, हे मी कोणापासूनही लपवत नाही. भाड्याच्या उत्पन्नात मिळकतकर वजा केल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाच्या व्याजाचीही मिळते, त्यामुळे कर फारसा लागत नाही. तरीही केवळ भाड्यासाठी घर घ्या असे मी कोणाला सांगणार नाही. आमच्या बाबतीत हप्त्यामुळे, भाडे वजा जाता, दरमहा साडेतेरा हजारांची बचत सक्तीने झाली, जी एरवी आमच्याकडून झाली नसती, आणि भाडे आज १५ हजारांवर आले आहे. ठेवीचे व्याज असे वाढत जात नाही.

सर्वात मोठा धक्का मात्र भाडेकरूंकडून नव्हे, कर्जाकडून आला. आमचे कर्ज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराशी, जोडलेले होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि आमचा दर साडेनऊ टक्के झाला. हप्ता मात्र तेवढाच राहिला, त्यामुळे मी निश्चिंत होते. एप्रिलमध्ये सहज खातेउतारा काढला, तर शेवटच्या हप्त्याची तारीख जानेवारी २०२९ ऐवजी ऑगस्ट २०२९ दिसत होती. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती आणि मला त्याची सूचना मिळालेली नव्हती. तिशीतल्या कर्जदाराला सात महिने म्हणजे काहीच नाही. माझा मात्र तो ठरवलेला सगळा क्रमच उलटा झाला होता, कारण आता नोकरी आधी संपणार होती. मी लेखी अर्ज दिला, दोनदा शाखेत गेले आणि हप्ता सुमारे १,८०० रुपयांनी वाढवून मुदत मूळ तारखेला आणून घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने, दर वाढताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, अशा सूचना बँकांना दिल्या. तेव्हापासून मी दर तिमाहीला खातेउतारा काढते आणि फक्त शेवटची तारीख बघते. दिवाळीच्या बोनसमधून थोडी मुद्दल फेडते, कारण बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा हप्ता कमी करून घेतला नाही. आता शेवटची तारीख २०२८ च्या गणेशोत्सवाच्या आसपास आली आहे.

दुसरे घर घ्या, पहिल्याच्या भाड्यावर दुसऱ्याचे कर्ज काढा, असे सांगणारे पुष्कळ भेटले. आम्ही ते केले नाही आणि करणारही नाही. आजारपणात घराची एक खोली विकता येत नाही. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या निधीतला मोठा भाग मी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवणार आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यालाही लाभाची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यात पैसे गुंतवता येतात. घराचे भाडे, त्या योजनेचे व्याज आणि पेन्शनचे पाच हजार एवढ्यावर आमचे चालावे, असा आराखडा आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी मृत्युपत्रे केली. राहते घर आणि हे घर, दोन्हींबद्दल स्पष्ट लिहिले, एक साक्षीदार म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची सही घेतली आणि मूळ प्रती त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवल्या. निगडीच्या काकूंचे प्लॅस्टिकचे पाकीट त्या दिवशी मला सारखे आठवत होते. घरी आल्यावर मी मुलाला बोलावले आणि सगळे कागद जेवणाच्या टेबलावर क्रमाने मांडले. तो आता नोकरीला आहे. त्याने इंडेक्स टूची प्रत उचलली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, “आई, या कागदाला नक्की काय म्हणतात, आणि हा कशासाठी जपायचा?” मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि पहिल्या करारनाम्यापासून सांगायला सुरुवात केली.